टोकन गेलं कुणाच्या खात्यात?

तुमच्या घरातलं ‘ऑनलाइन खातं’ कुणाकडे आहे? म्हणजे लाइट बिल भरणं, गॅस बुक करणं, आजीची पेन्शन जमा झाली का बघणं, काकूंच्या फोनमधले ‘शुभ सकाळ’ डिलीट करून जागा करणं, ही कामं कुणाच्या गळ्यात पडतात? हे पान वाचताय म्हणजे बहुतेक तुमच्याच. घरातल्या मोठ्यांना बँकेतल्या रांगेची भीती नाही, ॲपची आहे. त्यामुळे व्यवहार शंभराचा असो की लाखाचा, फोन आपल्या हातात येतो आणि सोबतचं वाक्य ठरलेलं असतं, “तूच पाठव गं, माझ्याकडून चुकायचं काहीतरी.”

माझा मामाही हेच म्हणाला. चुकलं माझ्याकडून.

मामाने नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एक फ्लॅट बुक केला होता. किंमत ४६ लाख. साइट ऑफिसात स्वतः जाऊन ५१,००० रुपयांचं टोकन चेकने दिलं, पावती घेतली, सॅम्पल फ्लॅटमध्ये मामीचे फोटो काढले. नऊ-दहा दिवसांनी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. डीपीला बिल्डरचा लोगो. मेसेजमध्ये मामाचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, कॉस्ट शीट, सगळं बरोबर. दहा टक्क्यांपैकी राहिलेले ४,०९,००० रुपये भरा, म्हणजे अलॉटमेंट लेटर निघेल. कंपनीचं नेहमीचं खातं ऑडिटसाठी बंद आहे, तर सध्या खाली दिलेल्या खात्यात भरा. शनिवारपर्यंत भरलं तर दिवाळी ऑफर लागू राहील.

गुरुवारी रात्री मी मामाच्या फोनवरून ते खातं ‘ॲड’ केलं. स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं. ते बिल्डरचं नव्हतं, कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं होतं. मी म्हटलं, “मामा, नाव वेगळं दिसतंय.” मामाने त्याच नंबरवर विचारलं. दोन मिनिटांत व्हॉइस नोट हजर, “सर, ते आमच्या ग्रुपचंच फर्म आहे, सगळे कस्टमर त्यातच भरतायत.” बोलणारा मुलगा माझ्याच वयाचा वाटला, अगदी सभ्य. शुक्रवारी संध्याकाळी मी आरटीजीएस केलं.

सोमवारी मामा पावती आणायला साइट ऑफिसात गेला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

त्यानंतरचे काही महिने मी जमेल ते वाचत बसले. रेराचा कायदा, रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं, संसदेतली उत्तरं. एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. घर घेणाऱ्याच्या पैशाला संरक्षण देणारे एवढे नियम आहेत, मग हे पैसे नेमके कुठल्या फटीतून गेले?

आधी जुनी पद्धत आठवून बघा. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्याकडे कदाचित एखादी ‘विसार पावती’ अजून जपून ठेवलेली असेल. जागेचा सौदा ठरला की विसार द्यायचा. घेणारा समोर, देणारा समोर, दोन साक्षीदार, मधे चहा. पावतीवर सह्या. त्या पद्धतीतही फसवणूक व्हायची, एकच जमीन तिघांना विकणारे तेव्हाही होते. पण पैसे ज्याच्या हातात पडले त्याचा चेहरा तुम्ही पाहिलेला असायचा. त्याचं गाव माहीत असायचं. भांडायला दार तरी असायचं. आजच्या टोकनमध्ये विसाराची घाई शिल्लक आहे, साक्षीदार गायब आहेत. साक्षीदाराच्या जागी स्क्रीनशॉट आलाय.

आता कायदा. २०१६ चा रेरा कायदा घर घेणाऱ्यांसाठी खरंच मोठा होता, यात शंका नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी-बांधकामासाठी वापरायचे, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची अट. कारण आधी एका बिल्डिंगचे पैसे दुसऱ्या बिल्डिंगच्या पायात जायचे आणि लोक दहा-दहा वर्षं भाड्याने राहायचे. महारेराने १ जुलै २०२४ पासून हे आणखी घट्ट केलं. आता प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती लागतात. ग्राहकाचा प्रत्येक रुपया आधी ‘कलेक्शन’ खात्यात पडायचा. तिथून किमान ७० टक्के ‘सेपरेट’ खात्यात आणि उरलेले, फार तर ३० टक्के, ‘ट्रान्झॅक्शन’ खात्यात वळते व्हायचे. आणि या कलेक्शन खात्याचा नंबर अलॉटमेंट लेटरमध्ये आणि करारनाम्यात छापायचा.

वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं. मग मी तारखा मांडून बघितल्या आणि गडबड लक्षात आली.

हे सगळं संरक्षण सुरू होतं ते पैसे बिल्डरच्या खात्यात पोहोचल्यानंतर. तुमच्या फोनपासून त्या खात्यापर्यंतचा जो रस्ता आहे, त्यावर रेराचा पोलीस उभा नाही. रेरा बिल्डरवर लक्ष ठेवतं. मामाला लुटणारा बिल्डर नव्हताच.

दुसरं म्हणजे कलम १३. त्यात म्हटलंय की करारनामा करून त्याची नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकाच्या बाजूचंच कलम आहे हे. पण उलट बाजूने वाचा. १० टक्क्यांपर्यंत घेता येते, नोंदलेला कागद नसताना. ४६ लाखांच्या घराला ४ लाख ६० हजार. ८० लाखांच्या घराला ८ लाख. ठगाच्या दृष्टीने याच्याइतकी सोयीची रक्कम नाही. मेहनत वसूल व्हावी एवढी मोठी, आणि इतक्या सुरुवातीची की ग्राहकाला बिल्डरच्या ऑफिसात कोण खरं, कोण नवीन, कोण कालच सोडून गेलं, काहीच माहीत नसतं.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त टोचलं. खात्याचा खरा नंबर छापलेला असतो अलॉटमेंट लेटरवर. पण मामाला मेसेज काय आला होता? ‘दहा टक्के भरा, म्हणजे अलॉटमेंट लेटर निघेल.’ मामाला यात काही वावगं वाटलं नाही, कारण साइट ऑफिसातही त्याला हाच क्रम सांगितला होता. आधी पैसे, मग कागद. म्हणजे ज्या कागदावरून खातं तपासायचं, तो कागद पैसे गेल्यावर हातात येणार! ठगाने फक्त या दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत खुर्ची टाकली.

बँकेचं काय, ती बघत नाही का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही वाटायचं की आपण नाव चुकीचं टाकलं तर पैसे परत येतात. चेकच्या जमान्यातली समजूत आहे ती. ऑनलाइन पैसे नावावर जात नाहीत, नंबरवर जातात. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सांगून ठेवलंय की इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम फक्त खाते क्रमांकाच्या आधारे जमा केली जाईल. तुम्ही नावाच्या रकान्यात बिल्डरचं नाव लिहा नाहीतर स्वतःच्या कुत्र्याचं, पैसे नंबर ज्याचा त्याला.

ही फट बुजवायला पंधराएक वर्षं लागली. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय करा, तीही फुकट. यूपीआयमध्येही २०२५ च्या जूनअखेरपासून बँकेत नोंदलेलंच नाव दाखवायचं ठरलं. म्हणजे फोनमध्ये कुणी स्वतःला ‘स्काय हाइट्स बुकिंग’ म्हणवून घेत असेल, तरी पैसे पाठवताना त्याचं बँकेतलं नाव दिसायला हवं.

माझ्या स्क्रीनवर जे ‘ट्रेडर्स’ दिसलं ते याच सोयीमुळे. यंत्रणेने तिचं काम केलं होतं. मी नाव वाचलं, मला शंका आली, आणि तरी मी पुढे गेले. का? यावर मी बराच विचार केला. माझं उत्तर असं, की घराच्या धंद्यात नाव वेगळं असणं आपल्याला कुणालाच विचित्र वाटेनासं झालंय. होर्डिंगवर ब्रँडचं नाव एक. प्रकल्पाचं दुसरं, बहुतेक इंग्रजी आणि बहुतेक झाडाफुलांचं. महारेराच्या नोंदणीत प्रवर्तक म्हणून तिसरीच कुठली तरी एलएलपी. पावतीवर शिक्का चौथ्याचा. सामान्य माणसाला सवय झालीय की नावं जुळत नाहीत, आणि न जुळणाऱ्या नावांच्या गर्दीत ‘ट्रेडर्स’ आरामात मिसळून गेला. बँक नाव दाखवते. ते बरोबर आहे की नाही, हे ठरवायला आपल्या हातात दुसरी बाजू नसते.

काही बिल्डरही ही सवय लावायला मदत करतात, हेही म्हणायला हवं. रेरा नोंदणी नसताना प्रकल्पाची जाहिरात करणं किंवा बुकिंग घेणं कायद्याला मान्य नाही. तरी ‘प्री-लाँच’, ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’ अशा गोंडस नावांनी व्हॉट्सॲपवरून पैसे मागितले जातात. पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, दसऱ्याला तर रेलचेल. ‘आज रात्री बारापर्यंतच हा रेट’ असं खरा सेल्समनही म्हणतो आणि खोटाही. दोघांची भाषा एकच असल्यावर ओळखायचं कसं?

आता पैसे गेल्यावर काय होतं ते ऐका, कारण इथे अनेकांचा गैरसमज असतो. माझाही होता. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं परिपत्रक काढलं. त्याचा गाजावाजा बराच झाला. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान शून्य, वगैरे. पण ते ‘अनधिकृत’ व्यवहारांसाठी आहे. म्हणजे तुमच्या नकळत, तुमच्या चुकीशिवाय कुणी खात्यातून पैसे काढले तर. मामाच्या बाबतीत ओटीपी आम्ही टाकला, पासवर्ड आम्ही टाकला, बटण मी दाबलं. बँकेच्या उत्तरात एकच ओळ महत्त्वाची होती, ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला आहे.’ फसवून घेतलेली परवानगी हीसुद्धा परवानगीच, असा हा हिशोब.

हा हिशोब सगळीकडे असाच आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये घर घेणाऱ्यांचे पैसे याच पद्धतीने इतके गेले की तिथे त्याला ‘शुक्रवार दुपारची फसवणूक’ असं नावच पडलं. तिथले घराचे व्यवहार अनेकदा शुक्रवारी पूर्ण होतात. ठग वकिलाच्या ईमेलमध्ये घुसतात आणि शेवटच्या क्षणी ‘आमचं खातं बदललंय’ असा मेल पाठवतात. शनिवार-रविवार जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. (आमचंही शुक्रवारीच झालं. हे वाचताना मला कसं वाटलं असेल, कल्पना करा.) तिथल्या मोठ्या बँकांनी खातेदाराचं नाव तपासायची सोय २०२० मध्ये आणली. पण त्यांच्या लक्षात आलं की नाव दाखवून भागत नाही. म्हणून ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आला, की देशातल्या देशात अशा फसवणुकीत ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले असले, तरी बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. आजच्या दराने कोटीच्या आसपास. ग्राहकाने अगदीच बेफिकिरी केली असेल तर अपवाद.

यातली खरी गंमत रकमेत नाही. भरपाईचा अर्धा भार पाठवणाऱ्या बँकेवर आणि अर्धा पैसे घेणाऱ्या बँकेवर टाकलाय. ही दुसरी अर्धी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. कारण तो ‘ट्रेडर्स’ आकाशातून पडला नव्हता. कुठल्या तरी शाखेत कागदपत्रं देऊन त्याने खातं उघडलं होतं. अशी भाड्याची खाती, ज्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात, नसती तर चोराला पैसे घ्यायला हातच नसते. आपल्याकडे ती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली केलीय, ती चांगलीच आहे. पण असं खातं आपल्या शाखेत निघालं म्हणून बँकेच्या खिशाला चाट बसत असती, तर खातं उघडतानाच जास्त डोळे उघडले असते, असं मला वाटतं. बँकवाले म्हणतील, मग लोक खोट्या तक्रारी करून पैसे उकळतील. करतीलही काही जण. पण सध्याची सोय अशी आहे की दोन बँका, एक बिल्डर आणि एक टेलिकॉम कंपनी यांच्या मधून पैसे चोरीला जातात आणि नुकसान मात्र शंभर टक्के मामाचं.

हा प्रकार एकट्या-दुकट्याचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ मध्ये देशात सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. यात घराचे किती, शेअर ट्रेडिंगचे किती, ‘डिजिटल अरेस्ट’चे किती, हे या आकड्यात वेगळं दिसत नाही. घरासाठी साठवलेले पैसे असे मोठ्या ढिगात मिसळून जातात.

त्याच उत्तरात एक आशेचा आकडाही आहे. १९३० या हेल्पलाइनमागच्या यंत्रणेने २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून १७ लाख ८२ हजारांहून जास्त तक्रारींत ५,४८९ कोटी रुपये वाचवले. हे वाचवणं कसं होतं ते समजून घ्या. तुम्ही फोन केला की तक्रार थेट त्या बँकेकडे जाते, पैसे पुढच्या खात्यात गेले असतील तर त्याही बँकेकडे, आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती गोठवली जाते. ही शर्यत आहे. आरटीजीएस-एनईएफटी आता चोवीस तास चालतात, त्यामुळे चोरही चोवीस तास चालतो. चार लाखांचे पंधरा तुकडे होऊन पंधरा खात्यांत जायला रात्र पुरते. आम्ही सोमवारी दुपारी फोन केला. ६१,००० रुपये सापडले, तेही अजून गोठलेलेच आहेत, कोर्टाच्या कागदांत. शुक्रवारी रात्री केला असता तर? हा प्रश्न मामाने मला कधी विचारला नाही. मामीने एकदा विचारला.

खोटी माणसं फक्त खासगी बिल्डरच्याच नावाने येतात असंही नाही. म्हाडाच्या सोडतीला अर्ज करताना अनामत रक्कम ऑनलाइन भरावी लागते, घर लागलं नाही की ती परत मिळते. २०२४ मध्ये मुंबई मंडळाच्या २,०३० घरांच्या सोडतीच्या काळात म्हाडाच्या संकेतस्थळासारखंच दिसणारं बनावट संकेतस्थळ निघालं आणि म्हाडाला लोकांना सावध करावं लागलं. ‘आम्ही कुणीही एजंट नेमलेला नाही’ हे तर म्हाडा दर जाहिरातीत सांगते. पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतोय ना ते बघा, असा सल्ला आपण सगळे देतो. सल्ला बरोबर आहे. पण मग त्याच वर्षी सिडकोने २६,००० घरांची योजना आणली, तिचे अर्ज ‘सिडकोहोम्स डॉट कॉम’वर भरायचे होते. ते अधिकृतच होतं. सरकारी संस्थाच ‘डॉट कॉम’ वापरणार असेल तर सामान्य माणसाने कुठल्या शेपटावरून साप ओळखायचा?

आपल्या वयाच्या मुलांना याचा पहिला अनुभव बहुधा भाड्याच्या खोलीत येतो. पुण्यात कॉलेजला आलेल्या प्रत्येक बॅचमध्ये एक जण तरी असतो ज्याला फोटोतला सुंदर फ्लॅट स्वस्तात मिळत होता, मालक ‘लष्करात’ होता, बदलीवर होता, आणि सोसायटीच्या गेट पाससाठी आधी थोडे पैसे पाठवायचे होते. ती चूक पाच-दहा हजारांत शिकवते. घराच्या बुकिंगला तीच चूक आईबाबांच्या पीएफला हात घालते.

मग फोन पुढच्या वेळी तुमच्या हातात आला तर काय कराल? मी आता काय करते ते सांगते. पहिलं, महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः जायचं. पत्ता आपण टाइप करायचा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून जायचं नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे, पण तो स्कॅन केल्यावर आपण खरंच महारेराच्या पानावर पोहोचलो का, हे बघायचं. तिथे प्रवर्तकाचं जे कायदेशीर नाव असेल ते वहीत लिहून ठेवायचं. ब्रँड नाही, प्रकल्पाचं नाव नाही, प्रवर्तक. खातं त्या नावाचं आणि त्याच प्रकल्पाचं हवं. बँकेच्या स्क्रीनवर दुसरं नाव दिसलं की तिथेच थांबायचं. ‘ग्रुपचंच फर्म’, ‘अकाउंटंटचं खातं’, ‘पार्टनरचं खातं’ ही तिन्ही उत्तरं खरी असली तरी पैसे पाठवायचे नाहीत, कारण खरी असतील तर बिल्डर नियम मोडतोय आणि खोटी असतील तर चोर बोलतोय. दोन्हीकडे आपलंच नुकसान.

हेही लक्षात ठेवा, की महारेराचा नंबर असणं म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती, त्या पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, आणि तिथे राहायला गेलेल्या कुटुंबांचं काय झालं ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

दुसरं, खात्याचा नंबर माणसाच्या तोंडून ऐकायचा. मेसेज आला त्या नंबरवर उलट विचारणं म्हणजे चोरालाच ‘तू चोर आहेस का’ विचारणं. आम्ही नेमकं तेच केलं. पहिल्या पावतीवर छापलेल्या नंबरवर फोन करायचा, शक्य असेल तर साइट ऑफिसात जायचं आणि कलेक्शन खात्याचा नंबर सही-शिक्क्यानिशी कागदावर मागायचा. अलॉटमेंट लेटर आधी द्या, निदान मसुदा द्या, असं म्हणायला लाजायचं नाही. मग एक रुपया पाठवायचा आणि तो आला का, हे पुन्हा त्याच छापील नंबरवर विचारायचं. नुसता रुपया जाऊन काही सिद्ध होत नाही, तो चोराच्या खात्यातही जातोच. समोरून खऱ्या माणसाने ‘आला’ म्हणणं महत्त्वाचं. आणि शक्यतो मंगळवारी-बुधवारी सकाळी पैसे पाठवायचे, बँकेची शाखा उघडी असताना.

जुनं घर घेत असाल, म्हणजे रीसेल, तर कलेक्शन खातं वगैरे काही नसतं. तिथे इंडेक्स टूवर मालक म्हणून ज्याचं नाव, त्याच नावाचं खातं, एवढंच. एजंटच्या खात्यात टोकन अजिबात नाही.

आणि गेलेच पैसे, तर आधी १९३०. त्यानंतर बँक, पोलीस ठाणं, नातेवाईक. शरमेत घालवलेला एक तास चोराला मिळालेला एक तास असतो. आम्ही सोमवारी दोन तास फक्त ‘आता कुणाला सांगायचं’ यात घालवले.

पण हे सगळं तुमच्यावर-माझ्यावर टाकून यंत्रणेने मोकळं व्हावं, हे मला पटत नाही. एक साधी गोष्ट करता येईल. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि क्यूआर आहेच. त्याच्या शेजारी, आणि टोकनच्या पहिल्या पावतीवर, कलेक्शन खात्याचं पूर्ण नाव आणि शेवटचे चार आकडे छापायचे. खाते क्रमांक काही गुप्त गोष्ट नाही, चेकवर तो सगळ्यांना दिसतोच. मामाच्या पहिल्या ५१,००० च्या पावतीवर ते चार आकडे असते, तर गुरुवारी रात्री मी पावती समोर धरून ते जुळवले असते आणि विषय तिथे संपला असता. यासाठी नवा कायदा नको, नवं ॲप नको. महारेराचा एक आदेश पुरे.

मामाने घर सोडलं नाही. बिल्डरने मुदत वाढवून दिली, मामीच्या पाटल्या गेल्या, आणि उरलेली रक्कम गेल्या महिन्यात भरली. यावेळी मी आणि मामा दोघं साइट ऑफिसात बसलो होतो. मी आधी एक रुपया पाठवला आणि समोरच्या बाईंना म्हटलं, “आला का ते बघून सांगता?” त्यांनी अकाउंट्सला फोन लावला, बराच वेळ कुणी उचलला नाही. मामा चुळबुळ करत म्हणाला, “अगं, पाठव आता, त्या समोरच तर बसल्यात.” मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. वीस मिनिटांनी वरच्या मजल्यावरून एक मुलगा खाली आला आणि म्हणाला, “एक रुपया कुणी पाठवलाय?”